नट-नटीवर आरोप झाल्याची बातमी आली की कमेंट टाकायच्या आधी काय बघायचं

एखाद्या हिरोवर, डायरेक्टरवर किंवा हिरोईनवर मारहाणीचा नाहीतर लैंगिक छळाचा आरोप झाला की अर्ध्या तासात सगळ्या ग्रुपवर निकाल लागलेला असतो. "इतकी वर्षं झोपली होती का", "टाळी एका हाताने वाजत नाही", "सगळं पब्लिसिटीसाठी", नाहीतर थेट "याला फाशी द्या". त्या सेलिब्रिटीला आपली कमेंट कधी दिसणार नाही. पण त्याच ग्रुपात आपली भाची असते, ऑफिसातली नवीन मुलगी असते, शेजारचा कॉलेजातला मुलगा असतो, आणि त्यांच्यासोबत काही झालेलं असेल तर या काकांना किंवा मावशीला सांगायचं की नाही हे ते आपली कमेंट वाचून ठरवतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी एक करा. टाइप केलेली कमेंट पाठवायच्या आधी त्यातल्या बाईच्या जागी पुरुष आणि पुरुषाच्या जागी बाई ठेवून परत वाचा. वाचताना विचित्र वाटलं तर समजा की आपण आरोपाबद्दल बोलतच नाही आहोत, बाईने कसं वागावं आणि पुरुषाने कसं वागावं याबद्दल बोलतोय. टेरी क्रूजचं उदाहरण बघा. अमेरिकन नट, आधी फुटबॉल खेळलेला, अंगाने धिप्पाड. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याने सांगितलं की आदल्या वर्षी एका पार्टीत हॉलिवूडमधल्या एका बड्या माणसाने टेरीच्या अंगाला, टेरीच्याच बायकोसमोर, नको तिथे हात लावला. लोकांचा प्रश्न काय तर एवढा दांडगा आहेस, मग हाणलास का नाही. २०१८ मध्ये तो अमेरिकन सिनेटच्या कमिटीसमोर बोलायला गेला तेव्हा तिथेही हाच प्रश्न आला, आणि त्याचं उत्तर होतं की डिवचल्यावर हात उचललेले कितीतरी काळे तरुण तुरुंगात गेलेले किंवा मारले गेलेले त्याने पाहिलेत. म्हणजे बाईला विचारायचं गप्प का बसलीस आणि पुरुषाला विचारायचं मारलं का नाहीस. समोरच्याने मुळात हात का लावला हे दोघांच्याही वेळी कुणी विचारत नाही.

आता दुसरं, आणि इथे थोडा वेळ द्या. "कोर्टाने सांगितलंय" असं लिहायच्या आधी कुठल्या कोर्टाने आणि कुठल्या प्रश्नावर सांगितलंय ते बघा. हॉलिवूडचा नट जॉनी डेप आणि त्याची आधीची बायको, नटी अँबर हर्ड म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना एकच निकाल आठवतो, कारण तो लाइव्ह दिसला. पण त्याच्या आधी लंडनमध्ये एक केस झाली होती. डेपने 'द सन' या पेपरवर बदनामीचा दावा लावला होता कारण त्यांनी त्याला बायकोला मारणारा म्हटलं होतं. तिथे ज्युरी (निकाल द्यायला बसवलेली साधी माणसं) नव्हती, एकटे जज होते, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी १४ पैकी १२ प्रसंगांत पेपरचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं धरलं. डेप हरला. अपीलची परवानगीही मिळाली नाही. मग अमेरिकेत व्हर्जिनियात त्याने हर्डवर तिच्या एका लेखासाठी दावा लावला, तिथे ७ जणांची ज्युरी होती, आणि १ जून २०२२ ला ती लेखातल्या वादाच्या तिन्ही विधानांवर डेपच्या बाजूने गेली, पण हर्डच्या उलट दाव्यातला एक मुद्दाही त्यांनी मान्य केला आणि तिला २० लाख डॉलर द्यायला सांगितले. दोन देश, दोन कायदे, आणि तिकडे समोर पेपर तर इकडे स्वतः हर्ड. मग निकाल वेगळे लागले तर त्यात अशक्य असं काही नाही. यातलं कोण खरं हा वाद मी इथे घालत नाहीये. मला त्रास होतो तो अमेरिकेतल्या केसच्या त्या सहा आठवड्यांत लोकांनी जे केलं त्याचा. ती साक्षीत रडली त्याचे रील झाले, मारहाणीचं वर्णन करतानाच्या तिच्या आवाजावर लोकांनी ॲक्टिंग करून व्हिडिओ टाकले, आणि ज्युरीतले लोक रोज आपापल्या घरी जात होते, बातम्या बघू नका एवढंच त्यांना सांगितलेलं होतं. पुरुषालाही घरात मार बसू शकतो ही गोष्ट त्यानिमित्ताने लाखो लोकांसमोर आली, ते महत्त्वाचंच आहे, पण ती सांगायला कुणाच्या रडण्याची नक्कल करायची गरज नव्हती.

मग येतं आपल्या माणसाचं. हे मराठी लोकांनी जास्त नीट वाचावं. हिंदी सिनेमातली नटी तनुश्री दत्ताने २०१८ मध्ये नाना पाटेकरांवर २००८ च्या एका शूटिंगवरून आरोप केले तेव्हा आपल्यातले कितीतरी जण लगेच म्हणाले, दुष्काळात शेतकऱ्यांसाठी 'नाम' संस्था उभी करणारा माणूस असं करेल का. नानांनी आरोप पहिल्यापासून नाकारलेत. २०१९ मध्ये मुंबई पोलिसांनी पुरावा मिळाला नाही म्हणून 'बी समरी' रिपोर्ट (केस बंद करायचा रिपोर्ट) दिला आणि मार्च २०२५ मध्ये अंधेरीच्या कोर्टाने तक्रार मुदतीबाहेर आहे म्हणून दखल घेतली नाही. एवढं रेकॉर्डवर आहे आणि एवढंच लिहावं. मुदतीच्या मुद्द्यावर केस थांबली म्हणजे ती खोटारडी ठरली असं होत नाही, आणि नानांना गुन्हेगार म्हणायचा हक्कही कुणाला मिळत नाही. 'नाम'चं काम मोठं आहे, त्याचं कौतुक वेगळं करा, पण चांगलं काम हा सेटवर काय झालं याचा पुरावा नसतो. तसंच तिचे जुने सिनेमे आणि कपडे हाही पुरावा नसतो.

उशिराबद्दल बोलायचंच असेल तर केरळ बघा. फेब्रुवारी २०१७ मध्ये कोचीजवळ एका नटीला गाडीत डांबून अत्याचार झाला. तिने लगेच तक्रार केली, दहा वर्षं थांबली नाही. तरी खालच्या कोर्टाचा निकाल यायला डिसेंबर २०२५ उजाडलं, सहा जण दोषी ठरले, आणि कटाचा आरोप असलेला नट दिलीप निर्दोष सुटला. त्याच घटनेनंतर मल्याळम सिनेमातल्या बायकांच्या अडचणी तपासायला नेमलेल्या हेमा कमिटीने ३१ डिसेंबर २०१९ ला सरकारला रिपोर्ट दिला, तो लोकांसमोर आला ऑगस्ट २०२४ मध्ये, तोही नावं आणि काही भाग वगळून. त्यात काम जाईल या भीतीने गप्प बसलेल्या बायका आहेत, आणि सेटवर संडास नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या पण आहेत. पुढच्या वेळी "आत्ताच का" असं लिहावंसं वाटलं की हा रिपोर्ट साडेचार वर्षं कुणी दाबून ठेवला तेही विचारा.

नावाचं थोडक्यात. बलात्काराच्या केसमध्ये पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. "बघा हीच ती" म्हणून फोटो फॉरवर्ड करणारा माणूसही यात अडकू शकतो.

लिहिताना शब्द सांभाळा. "आरोप केलाय", "त्याने नाकारलंय", "केस चालू आहे", "पुरावा मिळाला नाही असं पोलीस म्हणतात", ही वाक्यं साधी आहेत पण खरी आहेत. "सिद्ध झालं नाही" आणि "खोटं होतं हे सिद्ध झालं" यात फार फरक आहे. खोट्या तक्रारी होतच नाहीत असं मी म्हणत नाही, होतात, पण ते त्या-त्या केसमध्ये तपासून कळतं, आपल्या अंदाजाने नाही.

आणि तुमची कमेंट वाचून खरंच कुणी तुमच्याशी बोलायला आलं, समजा सिरियलमध्ये असिस्टंट असलेली मुलगी, तर आधी ऐकून घ्या, उलटतपासणी नको. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यात लेखी तक्रारीला ३ महिने असतात, समितीला कारण पटलं तर अजून ३ वाढवून मिळतात. १० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवीच, नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मुलगा आला तर त्याला आधीच स्पष्ट सांगा की या कायद्याखाली फक्त बाईला तक्रार करता येते. १८ च्या आतला असेल तर पॉक्सो, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, मुलग्यालाही लागू आहे. १८ च्या वरच्या पुरुषावर बलात्कार झाला तर त्यासाठी वेगळं कलमच नाही, जुन्या दंड संहितेतलं 'अनैसर्गिक' संबंधांचं कलम ३७७ सुद्धा १ जुलै २०२४ पासून गेलं, मारहाण, धमकी, डांबून ठेवणं अशी कलमं शोधावी लागतात, त्यामुळे त्याला वकिलाकडे एकटं पाठवू नका, सोबत जा. दोघांच्याही बाबतीत त्याच दिवशी बसून काय झालं, कुठे, कोण हजर होतं ते तारखेसकट लिहून काढायला मदत करा, आणि रागाच्या भरात चॅट डिलीट करायला देऊ नका.