मेकअपचे ब्रश धुताय? आधी वाळवायला शिका

तुळशीचं लग्न झालं की माझ्या बेसिनपाशी ब्रशांचा ढीग पडायला लागतो, तो पार आषाढ लागेपर्यंत. पंधरा वर्षं सांगली-मिरज पट्ट्यात नवऱ्या नटवतेय. दर महिन्याला कुणी ना कुणी मुलगी टक्कल पडलेला ब्रश घेऊन येते. "ताई, नवाकोरा होता, दोनदाच धुतला, केसच गळायला लागले." मी एवढंच विचारते, वाळवला कसा? उत्तर नेहमी एकच असतं: ग्लासात उभा करून.

त्यामुळे धुण्याचं पटकन सांगते आणि वाळवण्यावर येते.

फाउंडेशन आणि कन्सीलरचे ओले ब्रश आठवड्याला धुवा, पावडरचे आणि आयशॅडोचे पंधरवड्याला चालतील. अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची अकादमी सगळेच ब्रश ७ ते १० दिवसांनी धुवायला सांगते. चेहऱ्यावर मुरमं येत असतील तर तेच पाळा. माझ्यासारखं एकापाठोपाठ दुसऱ्या चेहऱ्याला हात लावायचा असेल तर मध्ये ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून ब्रश टिश्यूवर पुसा आणि सुकू द्या. ९९ टक्केवालं जास्त कडक म्हणून तेच घ्या असं सांगणारे खूप भेटतात, त्यांचं ऐकू नका. ते क्षणात उडून जातं, आणि जंतू मरायला त्यात थोडं पाणी असावंच लागतं. पण फवारणं म्हणजे धुणं नव्हे. बकरीच्या किंवा खारीच्या केसांच्या ब्रशावर तर ते रोज मारू नका, केस रखरखीत होतात.

धुताना ब्रशाचं तोंड कायम खाली ठेवा. पाणी कोमट हवं, कढत नको. ओल्या मेकअपचा ब्रश आधी दोन थेंब खोबरेल तेलात घोळवा, कारण तेलकट फाउंडेशन तेलानेच सुटतं. मग शाम्पू. खऱ्या केसांना लहान बाळांचा शाम्पू, कृत्रिम केसांना भांडी घासायचं लिक्विडही चालतं. तळहातावर गोल फिरवा, फेस पांढरा येईपर्यंत धुवा. झालं.

पाण्याबद्दल मात्र एक गोष्ट. आपल्याकडे अनेक घरांत वापरायला बोअरचं पाणी असतं, आणि ते जड असतं. शाम्पू कितीही चांगला असो, त्यातल्या क्षारांचा थर केसांवर बसतो आणि ब्रश केरसुणीसारखा ताठ होतो. मग लोक वर कंडिशनर चोपडतात, आणि पावडर ब्रशाला चिकटून बसते. त्यापेक्षा शेवटचं विसळणं प्यायच्या आरओ फिल्टरच्या पाण्याने करा, साध्या फिल्टरने क्षार जात नाहीत. तांब्याभर पाण्यात सहा ब्रश होतात.

हळदीच्या कार्यक्रमानंतर पांढऱ्या केसांचे ब्रश पिवळे होतात, आणि साबण लावला की काही वेळा एकदम लालसर दिसतात. घाबरू नका. हळदीला चुना लावून कुंकू होतं, तोच हा प्रकार. भरपूर पाण्याने विसळलं की लाली जाते. पिवळेपणा दोन-तीन धुण्यांत उतरतो, थोडा राहिला तरी ब्रश बाद होत नाही.

आता वाळवणं.

केस आणि दांडा जोडणारी जी धातूची नळी असते, तिच्या आत केस डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेले असतात आणि दुसऱ्या बाजूने लाकडी दांडा ठोकलेला असतो. ओला ब्रश उभा ठेवला की पाणी केसांतून उतरतं ते थेट या नळीत. तिथे ना वारा ना ऊन. लाकूड फुगतं, वाळलं की आकसतं, पुन्हा धुतलं की पुन्हा फुगतं. असं होत होत चिकटण सुटतं. वरून ब्रश कोरडा ठणठणीत दिसतो, आणि आत कुबट वास धरलेला असतो.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी मी सगळे ब्रश स्टीलच्या ग्लासात उभे करून झोपायची. तासगावच्या एका लग्नात मुहूर्ताला चाळीस मिनिटं उरली असताना नवरीच्या ओल्या फाउंडेशनवर ब्रशाचे केस गळायला लागले. एकेक केस चिमट्याने उचलला, आणि प्रत्येक ठिकाणी खळी पडली. ती बुजवेपर्यंत ब्रशाचं डोकं नळीसकट निसटून तिच्या शालूवर पडलं. ती मुलगी एक शब्द बोलली नाही, पण आरशातून माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मी विसरलेले नाही. त्यानंतर माझा एकही ब्रश ओला असताना उभा राहिलेला नाही.

मग काय करायचं? आधी पंच्याच्या घडीत ब्रशाचं डोकं धरून दाबा. पिळू नका, ओढू नका, नुसतं नळीकडून टोकाकडे दाबत या. बोटांनी आकार द्या. ओला असताना जसा ठेवाल तसाच तो वाळणार.

टॉवेलवर आडवा टाका असं बहुतेक जण सांगतात. उभ्यापेक्षा बरं, पण मला तेही पटत नाही, कारण खालची बाजू ओल्या टॉवेलला टेकून राहते आणि डोकं चपटं होतं. टेबलाच्या कडेला टॉवेलची गुंडाळी ठेवा, दांडे तिच्यावर, आणि डोकी कडेच्या बाहेर, किंचित खाली झुकलेली. चारी बाजूंनी वारा लागतो आणि पाणी टोकाकडे ओघळतं. ब्रश जास्त असतील तर कपड्यांच्या हँगरला रबरबँडने उलटे टांगा, मी तेच करते.

उन्हात ठेवू नका, केस कडक होतात. गरम ड्रायरने चिकटण मऊ पडतं. मायक्रोवेव्हमध्ये तर चुकूनही नको, धातूच्या नळीने ठिणग्या उडतात. आणि ते व्हिनेगर-सोड्याचं मिश्रण! फेस छान येतो, पण दोन्ही एकमेकांना मारतात आणि हाताशी खारट पाणी उरतं.

पंख्याखाली आयशॅडोचा बारीक ब्रश रात्रभरात वाळतो, पावडरच्या जाड ब्रशाला अख्खा दिवस लागतो. पावसाळ्यात, कृष्णा भरून वाहत असते आणि घराच्या भिंतीही ओल धरतात, तेव्हा जाड ब्रशाला दोन दिवस द्या. वाळला की नाही हे बोटाने कळत नाही. केसांचं मूळ, नळीला लागून असलेला भाग, वरच्या ओठाला लावा. गार लागला तर आत ओल आहे, पुन्हा टांगा. ही परीक्षा पास झाल्याशिवाय ब्रश पाऊचमध्ये जात नाही, नवरी दारात उभी असली तरी. म्हणूनच ओल्या मेकअपच्या ब्रशांचे दोन संच ठेवा. एक महागडा घेण्यापेक्षा दोन मध्यम घेतलेले बरे.

स्पंजला यातलं काहीच लागू नाही. वापरला की लगेच धुवा, उघड्यावर वाळवा, आणि आत काळा ठिपका दिसला की त्या दिवशी कचऱ्यात टाका.