मेटलर्जी मिळाली, पुढे काय?

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये कॉम्प्युटर हुकलं की यादीत मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्र, दिसते आणि घरातून प्रश्न येतो, "म्हणजे भट्टीवर उभं राहायचं का?" काही दिवस राहावंही लागतं. पण चार वर्षं शिकवतात ते वेगळंच. धातू आतून कसा बनलाय यावर त्याचं वागणं ठरतं, आणि आतली रचना आपल्याला बदलता येते.

दुसऱ्या वर्षी आयर्न-कार्बन डायग्राम येतो: किती कार्बन आणि किती तापमान असताना पोलादाची आतली रचना कशी असते, ते दाखवणारा आलेख. सगळे तो पाठ करतात, मीही केला. त्याचा अर्थ लागला तो लॅबमध्ये. साधारण 0.8 टक्के कार्बनचं पोलाद 727 अंशांच्या वर तापवून भट्टीतच सावकाश थंड केलं तर परलाइट नावाची रचना तयार होते, लाल असतानाच पाण्यात बुडवलं तर मार्टेन्साइट. पहिलं कानशीने घासलं जातं, दुसऱ्यावरून कानस नुसती सरकते.

ही रचना मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनी बघायची तर हात काळे करावे लागतात. सॅम्पल बेकलाइटमध्ये बसवायचं, खरखरीत पॉलिश पेपरपासून बारीक पेपरपर्यंत घासत जायचं. दर वेळी सॅम्पल 90 अंशांत फिरवायचं, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. मग कापडावर अल्युमिनाच्या बारीक पुडीने पॉलिश, शेवटी नायटल, म्हणजे अल्कोहोलमध्ये मिसळलेलं नायट्रिक आम्ल. काही सेकंदांत आरशासारखा पृष्ठभाग मंद होतो. जास्त ठेवलं की जळतो, पुन्हा पेपरपासून सुरुवात. यात जीव रमत नसेल तर ही ब्रँच जड जाईल, असं मी ज्युनिअर्सना स्पष्ट सांगते.

माझी पहिली नोकरी पुण्याजवळच्या एका कारखान्यात, क्वालिटी विभागात. एकदा झिंक प्लेटिंग केलेल्या हाय-टेन्साइल बोल्टांची तक्रार आली: संध्याकाळी आवळलेले, सकाळी डोकी तुटून खाली पडलेली. हार्डनेस बरोबर, केमिस्ट्री बरोबर. एसईएमखाली (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) तुटलेला भाग कणांच्या सीमांवरून फाटलेला दिसला. प्लेटिंगच्या वेळी पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ झालं होतं, आणि तो बाहेर काढायला सुमारे 200 अंशांवर काही तास करायचं बेकिंग पुरवठादाराने घाईघाईत उरकलं होतं. असं कोडं सुटतं तेव्हा पगाराचा विसर पडतो. (महिनाअखेरीस पुन्हा आठवतो. सुरुवातीचा पगार आयटीतल्या मित्रांपेक्षा बहुधा कमीच असतो.)

आपल्याकडे कामाची वानवा नाही. पुण्यात फोर्जिंग आणि वाहनांचे सुटे भाग, भोसरीत हीट ट्रीटमेंट, कोल्हापुरात शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, रायगडात डोलवीचा पोलाद प्रकल्प. संशोधनाकडे ओढा असेल तर मुंबईचं बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र), हैदराबादचं डीएमआरएल (संरक्षण खात्याची धातुसंशोधन प्रयोगशाळा), पुण्याचं एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा).

एक गोष्ट प्रवेशाआधी नीट बघा. इंजिनिअरिंगची मेटलर्जी आणि एमएस्सीचं मटेरियल सायन्स यांच्या वाटा वेगळ्या आहेत. सरकारी कंपन्यांच्या इंजिनिअर भरतीत बहुतेकदा बीई किंवा बीटेकच मागतात, आणि गेट या प्रवेश परीक्षेत मेटलर्जीचा स्वतंत्र पेपर असतो. एमएस्सीवाल्यांचा ओघ पीएचडी, थिन फिल्म (अतिपातळ थर), बॅटरी, सेमीकंडक्टर या बाजूला जास्त. कमीजास्त काही नाही, पण कारखान्यात जायचं मनात ठेवून एमएस्सी करू नका. परदेशात एमएस करायचं असेल तर तिसऱ्या वर्षापासूनच एखाद्या सरांच्या प्रोजेक्टवर काम धरा. अर्जात मार्कांइतकंच ते बघतात.

इलेक्ट्रिक गाड्यांमुळे क्रँकशाफ्टसारख्या इंजिनाच्या भागांचं काम पुढे घटणार, हे पुण्यात काम करणाऱ्याला उघड दिसतं. त्याच गाड्यांना अल्युमिनियमची कास्टिंग्ज, मोटरचं इलेक्ट्रिकल स्टील आणि बॅटरीचे इलेक्ट्रोड लागतात. तेव्हा इलेक्टिव्ह निवडताना सोपा पेपर शोधू नका. नॉन-फेरस (लोखंड सोडून इतर धातू) आणि इलेक्ट्रोकेमिस्ट्री घ्या, सोबत थोडं पायथन शिकून ठेवा.