बाखचा फ्यूग क्वार्टेटला देताना

बाखचा कीबोर्डचा फ्यूग (एकच छोटी चाल, म्हणजे 'विषय', एकामागून एक आवाज उचलतात अशी रचना) स्ट्रिंग क्वार्टेटसाठी, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलोसाठी, उतरवायचा पहिलाच प्रयत्न असेल तर चार आवाजांचा, म्हणजे चार स्वतंत्र ओळींचा फ्यूग घ्या. स्कार्लातीच्या कीबोर्ड सोनाटा नकोत. तिथे आवाजांची संख्या सतत बदलते आणि तुमचं निम्मं बळ स्वर कुठे कोंबायचे यातच जातं. मोझार्टने १७८२ मध्ये 'वेल-टेम्पर्ड क्लाविअर' या बाखच्या कीबोर्डसंग्रहाच्या दुसऱ्या भागातले पाच फ्यूग क्वार्टेटसाठी उतरवले, ते पाचही चार आवाजांचे.

आता खरा सापळा. उजवा हात दोन व्हायोलिनना, डावा हात व्हायोला-चेलोला, अशी वाटणी कधीही करू नका. कीबोर्डच्या पानावर मधले आवाज बोटांच्या सोयीने या स्टाफवरून (पाच रेघांच्या संचावरून) त्या स्टाफवर जातात. स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमधली आपोआप वाटणीही सहसा स्वराची उंची बघते, आवाज नाही. एक आवाज विरामात गेला की खालचे सगळे वर सरकतात आणि व्हायोलाचं वाक्य मधेच दुसऱ्या व्हायोलिनकडे जातं. दोन आवाजांनी एकमेकांना ओलांडलं तरी तेच. स्वर सगळे बरोबर, वाक्य एकही धड नाही. म्हणून ही चूक कागदावर दिसत नाही, तालमीत कळते. पाच मिनिटं वाचवायला हा मार्ग धरू नका. चार रंगांच्या पेन्सिली घ्या, एकेक आवाज पहिल्या स्वरापासून शेवटच्यापर्यंत विरामांसकट रंगवा. स्वरांच्या दांड्या वर आहेत की खाली, हे बघत चला. मग प्रत्येक ओळ गाऊन बघा. काम कंटाळवाणं आहे, पण इथे घातलेला वेळ पुढे सगळा परत मिळतो.

मग तळाचे स्वर तपासा. व्हायोलिन मधल्या सीखालच्या (पियानोच्या मध्यावरच्या सीखालच्या) जीपर्यंतच उतरतं, व्हायोला त्याच्या खालच्या सीपर्यंत. आल्टो (वरून दुसरा आवाज, दुसऱ्या व्हायोलिनचा) व्हायोलिनच्या त्या जीहून खाली गेला तर तेवढं वाक्य व्हायोलाला द्या आणि व्हायोलाचं व्हायोलिनला, पण अदलाबदल वाक्याच्या टोकाला करा, विषयाच्या मधे नाही. एकच स्वर सप्तक वर उचलला तर चाल मोडते. पट्टी बदलणं चालतं: मोझार्टने डी शार्प मायनरचा फ्यूग डी मायनरमध्ये आणला, त्यात डी आणि ए या मोकळ्या तारा मिळतात. मात्र पट्टी उतरवली की तळ पुन्हा तपासावा लागतो.

हार्पसिकॉर्डचा (पियानोआधीच्या, तारा छेडणाऱ्या कीबोर्डचा) लांब स्वर आपोआप विरतो, गजाचा विरत नाही. 'वेल-टेम्पर्ड क्लाविअर'च्या पहिल्या भागातल्या सी मेजर फ्यूगच्या शेवटी बासमध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या आवाजात, सी धरलेला आहे. चेलोने तो भरगच्च ओढला तर वरचे आवाज बुडतात. आघातानंतर तो हलका करायची खूण लिहा. चारही पार्टमध्ये एकच 'फोर्ते' (जोरात वाजवण्याची खूण) टाकू नका, विषय ज्याच्याकडे असेल त्याला एक पायरी वर ठेवा. विषयाचं बोइंग (गज वर-खाली ओढण्याची पद्धत) मात्र चौघांचं सारखंच हवं.

दाखवायचंच असेल तर क्वार्टेटमध्ये व्हायोला वाजवणाऱ्याला आधी दाखवा, पियानोच्या गुरूंना नंतर. मधल्या ओळीत गज कुठे अडतो हे तो पहिल्या वाचनातच सांगतो.