बेळगावच्या फौंड्रीत सेफ्टीची नोकरी धरताना

डिप्लोमा किंवा बी.ई. झालेली मुलं हल्ली विचारतात, "सेफ्टीत स्कोप आहे का?" आहे. पण ज्या पदावर तुमचा डोळा आहे, ते पद बेळगावात सहसा वेगळं मिळत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने हजार कामगार असतील तिथे सेफ्टी ऑफिसर सक्तीचा केला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार सुरक्षा-आरोग्याच्या नव्या संहितेत ही मर्यादा ५०० वर आली, धोकादायक प्रक्रिया असेल तर २५० वर. फौंड्री, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारा कारखाना, त्या धोकादायक यादीत बसते. तरीही उद्यमबाग, मच्छे, ऑटोनगरमधल्या बऱ्याच शेडमध्ये तेवढी माणसंच नसतात. तिथे तुमच्या नेमणूकपत्रावर 'एचआर' किंवा 'क्वालिटी' लिहिलेलं असेल आणि सेफ्टी त्यासोबत गळ्यात पडेल. माझ्या मते हे बरंच आहे. क्वालिटीच्या माणसाला शॉपफ्लोअरवर कुठेही उभं राहता येतं. नुसता सेफ्टीवाला आला की लोक हेल्मेट शोधायला लागतात.

मालकाबद्दल आधी एक गैरसमज काढून टाका. उद्यमबागेतले बरेच मालक स्वतः लेथवर किंवा मोल्डिंगच्या वाळूत हात घालून वर आलेले आहेत. कामगाराला इजा व्हावी असं त्यांना वाटत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर मात्र आजची हीट (भट्टीतून एका वेळी निघणारा रस), उद्याचा डिस्पॅच आणि बँकेचा हप्ता असतो. तुम्ही त्यांच्यापुढे कलमं वाचलीत तर ते मान हलवतील आणि फोन घेतील. धोका टनात, तासात आणि रिजेक्शनमध्ये (नापास मालात) मांडलात तर खुर्ची पुढे ओढून ऐकतील.

पावसाळ्याचंच बघा. बेळगावचा पाऊस जूनला सुरू झाला की कपड्यांची दोरी चार महिने घरात येते. भट्टीत टाकायचं स्क्रॅप (मोडीचं लोखंड) मात्र कित्येक ठिकाणी उघड्यावरच पडलेलं असतं. विजेवरच्या इंडक्शन भट्टीतला लोखंडाचा रस १४००–१५०० अंशांवर. त्यात ओलं स्क्रॅप पडलं, आणि विशेषतः पाणी रसाखाली गेलं, तर त्याची क्षणात वाफ होते. पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा तिला लागते. मग भट्टी उसळते. ओल्या टर्निंगपेक्षाही (लेथवरच्या किसापेक्षाही) वाईट म्हणजे दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप, जुना शॉक अब्सॉर्बर, आत पाणी धरून बसलेला एखादा पोकळ तुकडा. बाहेरून कोरडा दिसतो म्हणून चार्जिंगवाला निर्धास्त टाकतो.

भट्टी उसळली आणि नशिबाने कोणी भाजलं नाही, असं धरून हिशेब करा. त्या हीटचा रस बिघडतो, नाहीतर थंड होतो. लायनिंगला (भट्टीच्या आतल्या अस्तराला) धक्का बसला तर ते तोडून पुन्हा रॅमिंग आणि सिंटरिंग, म्हणजे नवं अस्तर ठोकून भरणं आणि भाजून पक्कं करणं. तयार मोल्ड (साचे) रसाची वाट बघत पडून राहतात. दुसऱ्या दिवशी प्लॅटफॉर्मवर चढायला माणूस तयार नसतो, आणि हा तोटा कुठल्याच वहीत लिहिला जात नाही. चांगला मेल्टर (भट्टी सांभाळणारा) कुणाला बांधलेला नसतो. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत त्याला हसत घेतात. हे सगळं एका कागदावर मांडा आणि शेजारी स्क्रॅप यार्डावर पत्र्याचं छप्पर घालायचा खर्च लिहा. छप्पर होतं. मी होताना पाहिलं आहे. 'सुरक्षा प्रथम' म्हणून ते झालं नव्हतं, हीट वाया जाऊ नये म्हणून झालं होतं. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

ज्या मालकाला माणूस भाजला तरी "ईएसआय बघून घेईल" असं वाटतं, त्याला एक गोष्ट दाखवा. ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, पगारमर्यादा महिना २१,००० रुपये आहे. जुना, कसबी मेल्टर किंवा पॅटर्नमेकर (साच्याचा नमुना घडवणारा) तिच्यावर गेलेला असू शकतो. तसं असेल तर नुकसानभरपाईची कायदेशीर जबाबदारी थेट मालकावर येते. म्हणजे ज्याच्या हातावर अख्खी पाळी चालते, नेमका तोच विम्याच्या बाहेर! अशा माणसांसाठी वेगळी पॉलिसी काढली आहे का, हे पहिल्याच आठवड्यात विचारा.

फेटलिंगबद्दल (ओतलेल्या कास्टिंगच्या साफसफाईबद्दल) मात्र हा रोखठोक हिशेब तोकडा पडतो, कारण तिथली इजा संथ आहे. नॉकआउटची (साचा फोडतानाची) सुकी वाळू, ग्राइंडरची धूळ, तिच्यातली बारीक सिलिका वर्षानुवर्षं फुप्फुसात साठत जाते. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. तो नोंदवायचा, कळवायचा आजार आहे, पण माणूस तोवर नोकरी सोडून गावी गेलेला असतो आणि खोकला विडीच्या नावावर जातो. इथे मास्क वाटून फोटो काढण्यावर समाधान मानू नका. रुमाल बांधणं म्हणजे मास्क नव्हे. आधी धूळ उडण्याच्या जागीच ओढून घेणारं डक्ट, बंद पेटीतलं शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून साफसफाई), वाळू किंचित ओली ठेवणं. मास्क सगळ्यात शेवटी. कोणी म्हणेल, "साहेब, मास्क लावला की दम लागतोय की." त्याचं खरं असतं. उन्हाळ्यात भट्टीजवळ तासभर मास्क लावून उभे राहा आणि मग त्याच्याशी बोला. पाळीत मध्ये विश्रांती आणि प्यायला थंड पाणी मिळालं की मास्क तोंडावर टिकतो, हे माझं निरीक्षण.

भाषेची गोष्ट आपल्या भागात टाळता येत नाही. एकाच पाळीत चंदगड-खानापूरकडचा मराठी बोलणारा, बैलहोंगलचा कन्नड बोलणारा आणि ठेकेदाराने आणलेला बिहार-ओडिशाचा पोरगा असतो. सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत लावाव्यात असं कारखाना कायद्याने सांगितलं होतं. उरलेल्यांचं काय, हे तुम्हाला सोडवायचं आहे. पाळीच्या सुरुवातीला पाच मिनिटं मशीनजवळच बोला, तिन्ही भाषांत मोडकंतोडकं. तुमची कन्नड कच्ची असेल तर शिका. बेळगावात नोकरी करायची तर ती तशीही लागते. ठेकेदाराच्या माणसांना त्या घोळक्यातून वगळू नका. सर्वांत नवखा माणूस सर्वांत धोक्याच्या कामावर त्यांच्यातलाच असतो.

दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून दोन बटणं एकदम दाबून चालवायच्या प्रेसचं एक बटण पट्टीने बांधून ठेवलेलं दिसलं तर ऑपरेटरवर ओरडण्याआधी त्याचं टार्गेट बघा. तासाला जेवढे पीस मागितलेत तेवढे दोन्ही हातांनी निघतात का? निघत नसतील तर पट्टी त्याने बांधली असली तरी बांधायला प्लॅनिंगने लावली. हे मीटिंगमध्ये बोलायला थोडं धाडस लागतं, आणि नवीन माणसाने ते पहिल्या महिन्यात करू नये.

थोडक्यात टळलेल्या अपघातांची वही ठेवा. लिहिणाऱ्याचा पगार कापला जाणार नाही, असं मालकाच्या तोंडून सगळ्यांसमोर वदवून घ्या, नाहीतर ती वही कोरीच राहील. घरी जाता-येता झालेला अपघातही ईएसआयमध्ये कामावरची इजा धरला जाऊ शकतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. रात्रपाळी सुटून खानापूर रोडने दुचाकीवर जाणाऱ्यांना ते आवर्जून सांगा.

बाहेरच्या देशात माल जाणाऱ्या कंपन्यांत हे काम सोपं जातं. गिऱ्हाईकाचे ऑडिटर येतात, आयएसओ ४५००१ (कामाच्या जागच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक) विचारतात, अग्निशमन यंत्राची तारीख बघतात. हत्तरगीच्या विमान-सुट्या भागांच्या कारखान्यांकडे म्हणूनच मुलांचा ओढा असतो. साखर कारखाने, निपाणीची तंबाखू, वडगावचे माग यांचे धोके वेगळे. त्यावर त्या-त्या कामातल्या माणसाने लिहावं.

कोर्स करायचा तर औद्योगिक सुरक्षेचा ॲडव्हान्स डिप्लोमा करा. मुंबईत सायनची केंद्रीय श्रम संस्था आणि तिच्या विभागीय संस्था तो चालवतात. पण आधी दोनेक वर्षं शॉपफ्लोअरवर काढा, मग वर्गातलं बोलणं डोक्यात शिरतं. मुलाखतीला गेलात की परत निघताना कामगारांचं संडास, कॅन्टीन आणि स्क्रॅप यार्ड बघायला मागा. दाखवायला कां-कूं केली तर दुसरीकडेही अर्ज टाकून ठेवा.