कॉलेजातल्या पोरांना मदत करता करता आईबापच घोळ घालतात : या चुका टाळा

नागपूरच्या नंदनवन भागात माझं झेरॉक्स अन् ऑनलाईन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे, १३ वर्षं झाली. ॲडमिशनचा सीझन लागला की काउंटरवर पोट्टे कमी अन् त्यांचे आईबाप जास्त दिसतात. पोरगा मागे मोबाईल पाहत उभा, अन् फॉर्ममधला प्रत्येक रकाना बाबा सांगणार, अगदी "तुझा ब्लड ग्रुप काय रे" हे पण बाबाच आईला फोन करून विचारणार. सगळ्यांची इच्छा चांगलीच असते, त्यात वाद नाही, पण १३ वर्षांत इतके घोळ पाहिले की आता लिहूनच टाकतो म्हटलं. यातले निम्मे मी स्वतः केलेत.

सगळ्यात कॉमन चूक ऐकायला अगदी फालतू वाटेल. फॉर्ममध्ये पोराच्या ऐवजी बापाचा मोबाईल नंबर टाकणे. "त्याचा नंबर बदलत राहतो, माझाच टाका." मग काय होतं, पोरगा दुकानात शेवटच्या तारखेला संध्याकाळी उभा, ओटीपी जातो बाबांच्या फोनवर, बाबा बुटीबोरीला शिफ्टमध्ये, फोन लॉकरमध्ये. टायमर संपतो, पुन्हा ओटीपी, पुन्हा संपतो, अन् मागे लाईन लागलेली. तिसऱ्या वर्षाला तर हे जास्त महागात पडतं, कारण ईमेल पण बाबांचाच असतो अन् नोकरीसाठी येणाऱ्या कंपनीच्या टेस्टची लिंक त्या इनबॉक्समध्ये कर्जाच्या जाहिरातींखाली पडून राहते. एका पोराची लिंक मी स्वतः शोधून दिली, टेस्ट होऊन दोन दिवस झाले होते. तर पहिल्या वर्षीच पोराच्या नावाचं सिम, पोराच्या नावाचा साधा ईमेल (तो कूल बॉय वगैरे नको) अन् आधारला पण त्याचाच नंबर जोडून घ्या. डिजिलॉकर उघडायला, एबीसी आयडी (म्हणजे क्रेडिटच्या बँकेतला पोराचा खाते नंबर) काढायला तोच लागतो, अन् नवीन शैक्षणिक धोरणात पोराचे क्रेडिट त्या आयडीवर जमा होतात म्हणून तो आता टाळता येत नाही.

बॅकलॉग कळल्यावरचा पहिला आठवडा

आता माझी गोष्ट. मोठा पोरगा इंजिनिअरिंगला, हिंगण्याच्या बाजूला. मी दुनियेचे फॉर्म भरतो अन् रोज रात्री जेवताना एकच प्रश्न विचारायचो, "अभ्यास चालू आहे ना?" तो म्हणायचा "हो." विषय संपला. एक दिवस दुकानातल्या प्रिंटरमध्ये कागद अडकला, ओढून काढला तर पोराच्याच नावाचा परीक्षा फॉर्म, मागच्या सेमिस्टरचं गणित, म्हणजे त्यात नापास, त्यालाच बॅकलॉग म्हणतात. दुकानातल्या पोट्ट्याला गुपचूप प्रिंट काढायला सांगितलं होतं, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. घरी येऊन मी जे काही बोललो ते इथे लिहीत नाही. "काहून नाही सांगितलं?" तर म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही कॉलेजात गेले असते." अन् खरंच गेलो असतो, कारण आधी एकदा गेलो होतो, ते पुढे सांगतो.

रिझल्ट लागल्यावर आपण रागात जो आठवडा घालवतो ना, त्याच आठवड्यात उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागायची अन् रिव्हॅल्युएशनची (पेपर पुन्हा तपासून घ्यायची) तारीख निघून जाते. ती मुदत छोटी असते, पोरगा घाबरून बोलत नाही अन् आपल्याला माहीत नसतं. म्हणून आधी शांतपणे एवढंच विचारा, इंटरनलमध्ये (कॉलेजच्या हातातल्या मार्कांत) गेला का थिअरीत (लेखी पेपरात) गेला, का पेपरच दिला नाही. तिन्हीचा इलाज वेगळा. थिअरीत थोडक्यात गेला असेल तर झेरॉक्स मागवून एखाद्या सरांना दाखवा, अन् ते म्हणाले तरच रिव्हॅल टाका. इंटरनलचं असेल तर डिपार्टमेंटलाच भेटावं लागतं, ते पोरानेच भेटायचं. अन् पेपरच दिला नसेल तर फॉर्मबिर्म नंतर, आधी पोरगा कसा आहे ते बघा. आपल्याकडे हिवाळी अन् उन्हाळी अशा दोन परीक्षा असतात, रिव्हॅल टाकलं तरी पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरून ठेवायचाच, रिझल्टची वाट पाहत बसलं तर लेट फी लागते नाहीतर चान्सच जातो.

अन् एक बॅकलॉग म्हणजे आयुष्य बुडालं असं पण नाही. बऱ्याच कंपन्या भरतीच्या वेळेला ॲक्टिव्ह बॅकलॉग आहे का ते पाहतात, म्हणजे अजून न निघालेला. निघालेल्याचं काही कंपन्या विचारतात, काही विचारत नाहीत. त्यापेक्षा दहावी, बारावी अन् डिग्री सगळीकडे ६० टक्के ही अट जास्त ठिकाणी आडवी येते. इथे आईबाप एक हिशोब हमखास चुकवतात, सीजीपीएला (१० पैकी मिळणाऱ्या सरासरी ग्रेडला) सरळ १० ने गुणतात. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) तक्त्यात ६.७५ म्हणजे ६० टक्के अन् ७.२५ म्हणजे ६५. विद्यापीठाचा किंवा कॉलेजचा स्वतःचा फॉर्म्युला असेल तर तो धरा, पण ६.२ वाला पोरगा ६२ टक्क्यांत आहे असं समजून निवांत बसू नका.

कॉलेजला फोन लावणे

हो, मी लावला होता. पहिल्या वर्षी हजेरी कमी आली म्हणून प्रिन्सिपॉलच्या केबिनबाहेर जाऊन बसलो, पोरगा कॉरिडॉरमधून मित्रांसोबत जाताना त्याने मला पाहिलं अन् मान खाली घालून निघून गेला. आत मला नियमाचा कागद दाखवला, ७५ टक्के, जो मी दुकानात बसून पण वाचला असता. त्यानंतर पोरगा घरी कॉलेजचं नावच काढेनासा झाला. प्लेसमेंट सेलला फोन करणारे पण आहेत, "आमच्या मुलाचं यादीत नाव का नाही?" असं. कंपनीला कळलं की उमेदवाराच्या ऐवजी बाप बोलतोय तर ते काय समजतील याचा विचार करा राव. रॅगिंग असेल, तब्येतीचं काही असेल तर जरूर जा, लगेच जा. बाकी वेळेला पोराला अर्ज कसा लिहायचा ते घरी शिकवा अन् सही त्याचीच राहू द्या.

मग आपण करायचं काय? कागदपत्रं. हे काम खरंच आईबापाचं आहे अन् इथेच लोक ढिले पडतात. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमिलेयर, कास्ट व्हॅलिडिटी, हे सगळं सेतूमध्ये गर्दी व्हायच्या आधी, म्हणजे मार्च-एप्रिलमध्येच सुरू करा, ऊन आहे म्हणून थांबू नका, जूनमध्ये ऊन पण राहते अन् लाईन पण. महाडीबीटीचा (सरकारी स्कॉलरशिपच्या पोर्टलचा) फॉर्म एकदा भरला म्हणजे झालं असं नाही, दरवर्षी रिन्यू करावा लागतो. पैसे त्याच खात्यात येतात जे आधारला लिंक आहे, फॉर्ममध्ये दाखवलेलं पासबुक कोणतंही असो. शाळेत असताना उघडलेल्या बंद पडलेल्या खात्याला आधार जोडलेला असतो अन् घरचे वर्षभर कॉलेजच्या क्लार्कशी भांडत असतात. मुलगी असेल अन् ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये बसत असाल, उत्पन्न ८ लाखाच्या आत, कोर्स व्यावसायिक, तर ८ जुलै २०२४ च्या जीआरप्रमाणे ट्यूशन फी अन् परीक्षा फी पूर्ण माफ आहे, आधी अर्धी होती. पण ॲडमिशन कॅप राऊंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला नाही. हे न पाहता घाईघाईत कोट्यातून सीट घेणारे दरवर्षी भेटतात अन् मग माझ्यासमोर कपाळावर हात मारतात.

करिअरचं बोलणं

एक गट म्हणतो नोकरी नागपुरातच पाहिजे, मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल सगळे आहेत तर पुण्याला कशाला. दुसरा गट लग्नात भेटला की सांगतो आमचा तर पुण्यालाच. दोघंही पोराला काय येतं ते विचारत नाहीत. कंपनी आहे म्हणून तिथे आपल्या पोराच्या कामाची जागा असेलच असं नाही, तेवढं त्याला शोधू द्या. स्पर्धा परीक्षा करतो म्हणाला तर हसू नका अन् डोक्यावर पण घेऊ नका. यूपीएससीला ओपनमध्ये वयाच्या ३२ पर्यंत ६ अटेम्प्ट मिळतात, मिळतात म्हणून सगळे वापरायचेच असं कुठे लिहिलंय? किती द्यायचे अन् तोपर्यंत खर्च कोण करणार हे आधीच, भांडण नसताना, बोलून घ्या.

हे बोलणं समोरासमोर सोफ्यावर बसून होत नाही, निदान आमच्याकडे तरी नाही झालं. झालं ते ॲक्टिव्हावर, तो चालवत होता अन् मी मागे, तोंड दिसत नाही त्यामुळे दोघांनाही सोपं जातं. सक्करदऱ्यापासून सीताबर्डीपर्यंत त्याने सांगितलं की त्याला कोडिंग नाही जमत, टेस्टिंगचं काम आवडते. मी फक्त "हं" म्हणत होतो, मला टेस्टिंग म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. मग तर्री पोहे खाताना त्यानेच समजावून सांगितलं.

पोरगं एकदमच गप्प झालं असेल, जेवत नसेल, रात्रभर जागं राहत असेल तर अभ्यास, मार्क हा विषय बाजूला ठेवा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत पण बोलता येते, आईबाप स्वतः पण लावू शकतात.

धाकटी आता फार्मसीला लागली. स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला दुकानात आली तर मी सवयीने माझाच नंबर टाईप करायला लागलो, तिने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. "बाबा, तुम्ही तिकडे गिऱ्हाईक बघा." पंधरा मिनिटांत भरून झाला, फोटोची साईज तेवढी मला विचारली. प्रिंटचे दहा रुपये मागितले तर म्हणाली, घरी हिशोब करू.