आयडर बदक बघायला जाताय? मी केलेल्या या चुका टाळा

इंग्लंडमधल्या न्यूकासलला आल्यावर पहिल्या वर्षी मी दुर्बीण गळ्यात अडकवून पार्कातल्या तळ्यावर दोन रविवार फुकट घालवले, कारण बदक म्हणजे तळं हे डोक्यात फिट बसलेलं, नांदूर मधमेश्वरला आपण तसंच बघतो ना. आयडर तिथं कशाला येईल? हे पक्कं समुद्राचं बदक. याला खडकाळ किनारा, बेटं आणि खायला शिंपले पाहिजेत, त्यातही गोव्यात ज्यांना शिनाणे म्हणतात तसले. ते कवचासकट गिळतं आणि पोटातच भुगा करतं. त्यामुळे सरळ न्यूकासलच्या उत्तरेला समुद्रकाठी असलेल्या सीहाउसेस नाहीतर अँबलच्या बंदरात जा, धक्क्यावरून खाली वाकून बघितलं तरी दिसतात. आणि हो, चिप्स टाकू नका, लोक टाकतात म्हणून आपणही टाकायचे असं नाही.

दुसरा घोळ रंगाचा. नर पाठीवर पांढरा, पोटाला काळा, डोक्यावर काळी टोपी, मानेमागे फिकट पिस्ता कलर आणि छातीवर हलकी गुलाबी झाक, एकदम लग्नाला निघाल्यासारखा. मादी तपकिरी, अंगभर बारीक काळ्या रेघा. मी फोटो टाकून "आज दोन जाती मिळाल्या" असं लिहून मोकळा झालो होतो, मित्रांनी यथेच्छ धुतला. त्यात जुलै-ऑगस्टमध्ये नर पिसं टाकतो आणि काळपट, कळकट दिसायला लागतो, म्हणजे पुन्हा गोंधळ. रंग सोडा, डोकं बघा. कपाळापासून चोचीच्या टोकापर्यंत सरळ उतार, मध्ये मोडच नाही, पाचर ठोकल्यासारखं. नाहीतर कान द्या, वसंतात नर "आऽहूऽऽ" करतात, शेजारणीला चटकदार बातमी कळल्यासारखं.

आता घरट्याचं, कारण इथली चूक आपल्याला नाही, तिला महागात पडते. मे महिन्यात सीहाउसेससमोरच्या फार्न बेटांवर गेलो तर पायवाटेच्या कडेलाच एक मादी बसलेली, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ, आणि हलेचना. मला वाटलं आजारी आहे की काय, म्हणून अजून वाकलो. ती उडाली आणि उडताना अंड्यांवर घाणेरड्या वासाची हिरवट पिचकारी मारून गेली. शिकाऱ्याला किळस यावी म्हणून हा उद्योग, असं म्हणतात. पण तो वास बघून सीगल थांबेलच असं नाही, तो टपूनच असतो. ती स्वतःहून उठते तेव्हा अंडी मऊ पिसांनी झाकून जाते, दचकून उठली तर तेवढा वेळ मिळत नाही.

ती आजारी नव्हतीच. जवळपास 25 दिवस ती अशीच दगडासारखी बसते, खाणंपिणं जवळजवळ बंद, नर तोवर कधीच सटकलेला असतो. अंडी साधारण चार ते सहा, हिरवट रंगाची, आणि खाली-वर तिनेच स्वतःच्या छातीची उपटलेली करडी-तपकिरी पिसं. महागड्या रजयांमध्ये जातात ती हीच, आइसलँडमध्ये शेतकरी ती घरट्यांतून गोळा करतात, किलोभर पिसांना साठेक घरटी लागतात. म्हणजे झाकलेली अंडी दिसली की "सोडून दिलेलं घरटं" म्हणून जवळ जाऊ नका, ती पाणी प्यायला गेलेली असेल. उत्तर इंग्लंडमध्ये या बदकाला कडी डक म्हणतात, सातव्या शतकात याच फार्न बेटांवर राहणाऱ्या संत कथबर्टवरून, त्याने यांना अभय दिलं होतं अशी आख्यायिका आहे.

जूनमध्ये पाण्यात एकट्या मादीमागे दहा-बारा पिल्लं दिसली तर हरवलेली समजून कुणाला फोन करू नका. चार आयांची पिल्लं एकत्र फिरतात, सोबत मावश्याही असतात. मी एकदा तीन माद्या आणि चौदा पिल्लं मोजली, आई नेमकी कुठली ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि पिल्लांनाही त्याची फारशी पडलेली दिसली नाही.