वस्तीची नाटक मंडळी चालवायची तर: वर्गणी, सुपारी आणि दोन डबे

मंडणगड, दापोली, महाड, खेड या पट्ट्यातल्या बौद्धवाड्यांमधून नाटक आणि जलसे करणाऱ्या मंडळ्या बंद पडतात, तेव्हा नट आणि संहिता बहुधा तयार असतात. अडतं ते टेम्पोच्या भाड्यापाशी. पैसा कुठून आणायचा याच्या आधी तो नेमका किती लागतो हे कागदावर लिहून काढा. बहुतेक मंडळ्या फक्त प्रयोगाचा खर्च धरतात, तालमींचा धरतच नाहीत.

उदाहरणादाखल, १४ जणांची मंडळी, वर्षाला ६० तालमी आणि १० प्रयोग असा हिशेब मांडू. तालमीचा चहा-नाश्ता माणशी २० रुपये धरला तर १६,८०० होतात. सहाजण दुसऱ्या वाडीतून येतात, त्यांचं जाण्यायेण्याचं रोजचं ४० प्रमाणे १४,४००. कपडे आणि नेपथ्याची डागडुजी १५,०००. छपाई, ऑडिट, कागदपत्रं १२,०००. हा खर्च एकही प्रयोग झाला नाही तरी होणारच. आता एका प्रयोगाचा खर्च: नाइट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, माणशी ४०० प्रमाणे ५,६००, टेम्पो ४,०००, साउंड आणि लाइट ६,०००, म्हणजे १५,६००. दहा प्रयोगांचे १,५६,०००. एकूण बेरीज २,१४,२००. त्यावर दहा टक्के अडीअडचणीला ठेवले की २,३५,६२०. तुमच्या तालुक्यातले दर घालून हीच मांडणी करा.

या मांडणीतून कळतं की दहा हजारांची सुपारी, म्हणजे बोलावणाऱ्याशी ठरलेली प्रयोगाची रक्कम, घेणारी मंडळी प्रत्येक प्रयोगाला ५,६०० रुपयांचा खड्डा पाडून घेते. जितके प्रयोग जास्त, तितका खड्डा मोठा. म्हणून पैशाचे दोन डबे करा. पहिल्या डब्यात वर्गणी, आणि तिच्यातून वर्षभराचा कायम खर्च, राखीव रकमेसकट ७९,६२० रुपये. दुसऱ्या डब्यात सुपारी, आणि तिच्यातून प्रयोगाचा खर्च. १५,६०० च्या खाली सुपारी घ्यायचीच नाही. बोलावणारं मंडळ साउंड-लाइट स्वतः लावत असेल तर ९,६०० पर्यंत उतरता येतं. गाव गरीब असेल आणि कमी पैशात प्रयोग द्यायचाच असेल तर जरूर द्या. तूट कोणत्या रकमेतून भरणार, तेवढं आधी सभेत ठरवा.

वर्गणीचं गणित सोपं आहे. घरटी महिना ५० म्हणजे वर्षाचे ६००. गाव आणि मुंबई मंडळ, म्हणजे मुंबईत राहणारे गावकरी, मिळून १८० घरांची यादी करा. चौथाई घरं देणार नाहीत हे धरूनच चाला. १३५ घरांचे ८१,००० येतात आणि पहिला डबा भरतो. एका माणसाकडे २० ते २५ घरं, त्याहून जास्त दिली की फेरी अर्धवट राहते. महिन्याच्या १ ते १० तारखेत जमा, १५ च्या आत बँकेत. पावतीपुस्तकाला क्रमांक हवा. जुनं पुस्तक स्थळप्रतींसकट परत आल्याशिवाय नवं हातात द्यायचं नाही. मुंबईच्या खोलीवर पडून राहिलेलं एक पुस्तक वर्षाचा हिशेब अडवतं. जमलेल्या रोखीतून परस्पर खर्च करायचा नाही, अगदी चहाचाही नाही. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच असावा. खजिनदाराच्या वैयक्तिक नंबरवर पैसे मागवले की खजिनदार प्रामाणिक असूनही संशय येतोच, आणि संशय आला की वर्गणी थांबते.

मागायची वेळ कोकणाच्या खिशाप्रमाणे ठरते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, भातलावणीत मजुरीची माणसं दिवसभर चिखलात असतात, त्या काळात दारोदार फिरू नये. मार्च-एप्रिलमध्ये भीमजयंतीची वर्गणी चाललेली असते. तिथे दुसरा हात पुढे करण्यापेक्षा जयंती मंडळाच्या अंदाजपत्रकात आपल्या प्रयोगाची एक ओळ घालून घ्या. मोठी मागणी मे महिन्यात करावी. चाकरमानी गावात असतात आणि आंबा-काजूच्या कामाचे पैसे हातात आलेले असतात. २० मार्च (चवदार तळ्याचा सत्याग्रह) आणि २५ डिसेंबर (मनुस्मृती दहन) या महाडच्या तारखांना प्रेक्षक भरपूर असतो, पण तिथे झोळी फिरवण्यापेक्षा पुढच्या सुपाऱ्यांसाठी नाव-नंबर लिहून घेणं जास्त कामाचं.

सुपारी तोंडी घेऊ नका. एका पानावर तारीख, रक्कम, चाळीस टक्के बयाणा, जेवणाची आणि राहण्याची सोय, पाऊस आला तर काय, एवढं लिहून दोन सह्या. लाउडस्पीकरला रात्री दहाची मर्यादा आहे. शासनाने सवलत दिलेल्या ठरावीक दिवशीच ती बारापर्यंत जाते. दीड तासाचा प्रयोग असेल तर सव्वाआठला घंटा वाजलीच पाहिजे. भाषणं लांबली आणि अर्ध्यात बंद करावं लागलं तर उरलेले पैसे मिळायला फार त्रास होतो, म्हणून हीदेखील अट लिहून घ्या. संहितेला राज्य शासनाच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा.

मुंबईत देणगी प्रवेशिकांवर वर्षातून एक प्रयोग करावा. नाट्यप्रयोगाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, दर त्याच्या आत ठेवा. प्रवेशिका गावशाखांना उधारीवर वाटल्या जातात आणि पैसे तिथेच अडकतात. प्रयोगाच्या तीन दिवस आधी न खपलेल्या परत आल्या नाहीत तर त्या खपल्या असं धरलं जाईल, हे वाटतानाच सही घेऊन सांगा. स्मरणिका काढणार असाल तर जाहिरातींचे पैसे छपाईच्या बिलाइतके हातात आल्यावरच छापायला द्या.

आता कागदपत्रं. सोसायटी नोंदणीला किमान सात सदस्य लागतात. महाराष्ट्रात ती संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही धर्मादाय कार्यालयात नोंदवली जाते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज दाखल करायचा. हे राहून जातं, मग बँकेतल्या सह्या एकांच्या आणि नोंदवहीतली नावं दुसऱ्यांची, अशा अवस्थेत अनुदान अडतं. खात्यावर तिघांपैकी दोघांच्या सह्या ठेवा. ८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत देणारी मान्यता, असेल तरी २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही, मोठी रक्कम बँकेतूनच घ्या. आखातात कामाला असलेला भाऊ भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून देत असेल तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाची मात्र धरली जाते. एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय ती घेऊ नका.

केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या अनुदान योजना आहेत, अर्ज करावा. पण पैसा हप्त्याने आणि उशिरा येतो, त्याच्या भरवशावर व्याजाने रक्कम उचलू नये. कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, निधीसाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते. लोटे-परशुराम किंवा महाडच्या कारखान्यांकडे जाताना स्वीकारपत्रात एक वाक्य घालावं: संहिता मंजुरीसाठी दाखवली जाणार नाही. नदीतल्या सांडपाण्यावर नाटक करायची वेळ कधीही येऊ शकते.

एकाच मोठ्या दात्यावर उभं राहिलं की काय होतं, ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या रंगभूमीने आधीच भोगलं आहे. न्यूयॉर्कची निग्रो एन्सेम्बल कंपनी १९६७ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या अनुदानावर उभी राहिली. पुढे तो आधार आटला आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिला कायम नटसंच मोडावा लागला. मिनेसोटातल्या सेंट पॉलची पेनम्ब्रा ही १९७६ ची नाट्यसंस्था. २०१२ मध्ये पैशाअभावी तिला कार्यक्रम थांबवावे लागले, तेव्हा लोकांना आवाहन केलं आणि शेकडो लहान देणग्यांनी ती पुन्हा उभी राहिली.

तिसरा दाखला आपल्या राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी. ‘आपल्याविषयी, आपण केलेलं, आपल्यासाठी, आपल्याजवळ’ असं नाटक हवं, असं १९२६ मध्ये मांडणारे अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांच्या क्रिग्वा या नाटक मंडळीला पुढच्याच वर्षी स्पर्धेत २०० डॉलरचं बक्षीस मिळालं. द्यु बॉइस यांनी ते निर्मितीखर्चात वळवलं, नटांना आणि लेखिकेला काहीच मिळालं नाही आणि मंडळी फुटली. तेव्हा प्रवेशअर्ज भरायच्या आधीच ठराव करा: बक्षिसातला किती हिस्सा डब्यात, किती लेखकाला, किती नटांना आणि पडद्यामागच्यांना. ठराव इतिवृत्तात लिहा, सर्वांच्या सह्या घ्या, आणि प्रत तालमीच्या जागी भिंतीला लावा.